शिळ्या सणाचा हलवा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा अलिबागला, आणि मुलीला एकटीला इतक्या लांब पाठवायला वडील तयार नव्हते. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, कागदासमोर बसलं की थोडे फुटतात, एवढंच. सुनेच्या ऑफिसातून एका बाजूने छापलेले कागद घरी येतात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.

लिहायचंय ते माझ्या मुलाबद्दल. तो इथे युनिव्हर्सिटीत शिकवतो आणि बियांतल्या तेलावर संशोधन करतो. त्याची नोकरी कायम होणार की जाणार, यावर गेली दोन वर्षं आमच्या घराचा जीव टांगलेला होता. मी त्याच घरात होते, रोज त्याचा डबा भरत होते, आणि मला काही करता आलं नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझ्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद आणि बैल मोकळा. म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. त्यात कुणाला काही टोचायचं नाही. शनिवारी कुणी बाटली घेऊन आलं तर शेजारची काकूच ओट्यावरून सांगायची, "आज तेल्यांचा शनवार, उद्या ये गं." आम्ही ज्यू आहोत म्हणजे नक्की कोण आहोत हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही जेमतेमच ठाऊक होतं. जगात कुठेतरी ज्यू म्हणून लोकांना मारतात हे मी लग्नानंतर ऐकलं.

आमचा उपासाचा मोठा सण असतो, त्याला आम्ही दारफाळणीचा सण म्हणतो. दिवसभर दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, देवाकडे माफी मागायची. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं, गरिबांना काहीतरी द्यायचं. माझे वडील ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या हातावर पैसे ठेवायचे. मुसलमानांची, आगऱ्यांची, सगळी पोरं यायची. मी हलव्याची परात घेऊन त्यांच्या मागे उभी असायची. हे सगळं आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्याचं काम पडणार आहे.

लग्न झालं तेव्हा माझे यजमान ठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे भाऊ-बहीण एकेक करून इस्रायलला गेले. हे गेले नाहीत. म्हणाले, "तिथे प्रत्येक पोराला बंदूक धरावी लागते. माझा पोरगा पुस्तक धरील." यांच्या मावसभावाने कॅनडाला बोलावून घेतलं, आणि मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही विंडसरला आलो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात यांना काम मिळालं. नदीच्या पलीकडे अमेरिका दिसायची. आम्ही तिकडे कधी गेलो नाही.

विंडसरला मराठी माणसं होती, बहुतेक डॉक्टर. एकदा दिवाळीला त्यांनी बोलावलं. एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही ज्यू? मग मराठी इतकं छान कसं बोलता?" मी खाली बघत राहिले. हे म्हणाले, "वहिनी, दोन हजार वर्षं शिकवणी लावली होती." सगळे हसले. यांचं असं होतं, माझ्या वाटणीचं बोलणंही तेच बोलायचे.

ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये गेलो तर तिथे सगळे गोरे. दारातल्या माणसाने आम्हाला नीट निरखलं आणि स्वयंपाकघराचं दार मागच्या बाजूला आहे असं सांगितलं. हे तिथेच उभे राहून आमच्या चालीत प्रार्थना म्हणायला लागले. तो माणूस लालबुंद झाला. त्याने माफी मागितली, पुढच्या रांगेत बसवलं, आणि मग महिनाभर आम्हाला ओळीने सगळ्यांनी जेवायला बोलावलं. प्रत्येक घरात तोच प्रश्न, "तुम्ही खरंच ज्यू आहात?" मुलगा घरी येऊन विचारायचा, "आई, आपण खरंच आहोत ना?" मी म्हणायची, "तुझ्या आजोबांचा बैल शनिवारी मोकळा असायचा. अजून काय पाहिजे?"

पहिल्याच वर्षी दारफाळणीच्या सणाला त्याला शाळेतून सुट्टी घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाईंनी वर्गात सांगितलं की हा ज्यू आहे, काल त्याचा सण होता, म्हणून आला नाही. बाईंचा हेतू चांगलाच असणार. दुपारी मुलगा घरी आला तो खिसा खुळखुळवत. मूठभर तांबडी नाणी, इथले सेंट.

"हे कुठून आणलंस?"

"मुलांनी टाकले, आई. ग्राउंडवर. माझ्यासमोर टाकले आणि म्हणाले, उचल. मी उचलले. मग अजून टाकले."

"रागाने टाकले का?"

"नाही, हसत होते सगळे."

त्याला तेव्हा इंग्रजी जेमतेम यायचं. मला तर येतच नव्हतं. पण त्या दिवशी शिळा सण होता. मला वाटलं, या लोकांनाही आपला शिळा सण माहीत आहे, आणि परक्या मुलाच्या हातावर पैसे ठेवायची त्यांचीही रीत आहे. घर सोडून आल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं. पैसे हातावर न ठेवता जमिनीवर टाकले हे खटकलं, पण लग्नात आपणही ओवाळून नाणी टाकतोच. यांना संध्याकाळी सांगितलं, तर यांनाही आनंद झाला. म्हणाले, "मग परत काहीतरी द्यायला हवं."

मी हलवा केला. गव्हाचा चीक काढायला जागा नव्हती, कॉर्नफ्लोर घेतलं. नारळाचं दूध डब्यातलं. वर बदामाचे काप लावले, वड्या कापल्या आणि मोठा डबा भरून सकाळी त्याच्याबरोबर दिला. "ज्यांनी पैसे दिले त्यांना आधी दे," असं बजावलं. संध्याकाळी डबा रिकामा आला.

"आवडला का मुलांना?"

"हो," तो म्हणाला. "आवडला."

त्यानंतर तो शाळेत होता तोपर्यंत दरवर्षी शिळ्या सणाचा हलवा मी शाळेत पाठवला. दरवर्षी डबा रिकामा आला.

मुलगा हुशार निघाला. यांच्या शिफ्ट बदलत राहायच्या, मी घरी बसून लोकांचे पडदे शिवायची, आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका कडेला अभ्यास करायचा. दहावी-अकरावीत असताना एकदा त्याने मला तेलाची बाटली हुंगायला दिली. "सांग, खराब झालंय का?" मी म्हटलं, "खवट झालंय." त्याने तो शब्द वहीत लिहून घेतला. पुढे त्याने डॉक्टरेट केली ती यावरच: बियांमधलं तेल खवट का होतं, आणि होऊ नये म्हणून बीच कसं बदलता येईल. इथे शेतांमधून पिवळी फुलं पसरलेली असतात, कॅनोलाची, त्या बियांवर तो काम करतो. त्याच्या सगळ्या विद्येतला तेवढा एकच शब्द मला कळतो.

डॉक्टरेट करताना त्याचे जे मोठे सर होते त्यांनी त्याला लॅबचा हिशेब बघायला लावला. म्हणाले, "तुम्हा लोकांना पैशातलं बरोबर कळतं." त्याने घरी येऊन ही गोष्ट हसत सांगितली. यांनी विचारलं, "तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला? कोकणातल्यांना?" मुलगा म्हणाला, "पपा, ज्यूंना." हे म्हणाले, "मग त्यांना माझं बँकेचं पुस्तक दाखव." आम्ही सगळे हसलो. पण बाकीची मुलं प्रयोग करत असताना हा दोन वर्षं पावत्या जुळवत बसला, आणि त्याची डॉक्टरेट तेवढी लांबली.

नंतर वर्षा-दोन वर्षांच्या नोकऱ्या. आज या गावात, उद्या त्या. त्याच काळात लग्न झालं. सून नागपूरची, हिंदू, कंप्युटरमधली, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. पहिल्याच भेटीत यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, मी शनिवारी काम करत नाही, रविवारीपण करत नाही, मला घेऊन टाका." हे वारले तेव्हा तीच मला त्यांच्या घरी, मिल्टनला, घेऊन आली. मिल्टनला सगळी घरं नवी आणि एकसारखी आहेत, सुरुवातीला मी दोनदा शेजारच्यांच्या दाराशी उभी राहिले.

मुलाला इथून गाडीने जाण्यासारख्या युनिव्हर्सिटीत जागा मिळाली होती. सहा वर्षं काम बघतात, मग एक कमिटी बसते. कमिटीने हो म्हटलं तर नोकरी कायम, निवृत्त होईपर्यंत कुणी काढू शकत नाही. नाही म्हटलं तर वर्षभरात जागा सोडायची. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती, आणि त्याच्या विषयात नव्या जागा निघत नाहीत. हे त्याने मला एकदाच समजावून सांगितलं. मला तेवढं पुरलं.

मी एलियाहू हन्नाबीला नवस बोलले. हा आमचा पैगंबर, नवसाला पावणारा. नोकरी कायम झाली तर मलिदा करीन, असं म्हटलं. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं आणि गुलाब, ताट मांडून प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं. पोह्यांचं पाकीट त्याच आठवड्यात आणून ठेवलं.

ऑफिसच्या दाराच्या चौकटीला त्याने आपल्या आजोबांचा मेझुझा लावला होता. बोटाएवढी पितळी नळी, आत प्रार्थनेचा कागद. येता-जाता बोट लावून ओठांना लावायचं. गावच्या घरून यांनी तो आणला होता, आणि चार पिढ्यांची बोटं लागून त्याचं पितळ एका बाजूने झिजलं होतं. शेजारच्या खोलीत एक गोरे प्रोफेसर बसायचे. त्यांना माझी पोळी-भाजी आवडायची, म्हणून मी रोज दोन डबे द्यायची. रिकाम्या डब्यात ते कधी बिस्किटं घालून पाठवायचे.

मग तिकडे इस्रायलला लढाई पेटली. टीव्हीवर मी दोन्हीकडच्या बाया रडताना बघितल्या. कुठलीही बाई मला परकी वाटली नाही. मुलगा टीव्ही बंद करायचा, मी तो गेला की पुन्हा लावायची.

युनिव्हर्सिटीत त्या लढाईविरुद्ध रोज निदर्शनं व्हायला लागली. मुलगा म्हणायचा, त्यात चूक काही नाही, मुलं मेलेली बघून माणूस ओरडणारच. मग एक दिवस त्याच्या दारावर कुणीतरी काळ्या शाईने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं होतं ते त्याने मला सांगितलं नाही. पुसलं, पुन्हा लिहिलं. त्याच्या मजल्यावर शिकवणारे वीसेक जण असतील, पण दार काळं झालं ते याचंच. त्याच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी होती, आमच्या घरी जेवून गेलेली, ती रडत आली आणि म्हणाली, "सर, मला दुसऱ्या लॅबमध्ये जायचंय. तुम्ही काही केलं नाहीत, मला माहिती आहे. पण मला माझ्या मैत्रिणींबरोबर राहायचंय." त्याने सही करून दिली.

दुसरा डबा भरलेला परत यायला लागला. मी विचारलं, "ते आजारी आहेत का?"

"बिझी आहेत, आई."

मी काही आठवडे दोन डबे भरत राहिले. मग एक दिवस मुलगाच म्हणाला, "एकच दे." मी एकच दिला.

हिवाळ्यात एक दिवस तो लवकर घरी आला, कोट न काढता स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर दोन स्क्रू ठेवले. मेझुझा कुणीतरी उपटून नेला होता. कचऱ्याच्या पेट्या बघितल्या, कुठे सापडला नाही. चौकटीत अडकलेले तेवढे दोन स्क्रू तो काढून घेऊन आला होता.

सून म्हणाली, "पोलिसात दिलं का?"

"सिक्युरिटीने नोट केलंय."

"नोट केलंय! काय करून राहिले ते लोक? नोटा जमा करून राहिले?" मग तिचा आवाज खाली आला. "शाळेत पैसे फेकायचे ना तुझ्यावर, तसंच आहे हे. तेव्हाही कोणी काही केलं नाही."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "कुठले पैसे?"

सून माझ्याकडे बघायला लागली, मग त्याच्याकडे. "आईंना माहीत नाही?"

त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला. मग त्याने सांगितलं. इथे ज्यू मुलांसमोर नाणी टाकतात. ज्यू लोभी असतात, सेंटसाठीही वाकतात, असा त्यांचा समज आहे. मुलगा वाकला की हसायचं. हा वाकला, आणि खिसा भरून घरी आला.

"आणि हलवा?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी दिला ना त्यांना," तो म्हणाला. "डबा उघडला तर एकाने म्हटलं, हा बघा, आता पैसे घेऊन विकायला आलाय. तेव्हा मला कळलं." तो हसला. "मग मी जिमच्या मागे बसून खाल्ला. दरवर्षी खाल्ला, आई. ऑल ऑफ इट. मस्त असायचा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू किती खूश होतीस."

तव्यावरची भाकरी करपली. सुनेने गॅस बंद केला. मला त्या डब्याचा आकार आठवत होता. वीस मुलांना पुरेल एवढा हलवा मी त्यात भरायची, आणि तो एवढासा पोर थंडीत भिंतीला टेकून बसून ते सगळं संपवायचा, मला रिकामा डबा दाखवता यावा म्हणून.

थोड्या दिवसांनी त्याच्या वरिष्ठांचा फोन आला की काही दिवस घरूनच शिकवा, तुमच्या सुरक्षेसाठी. फोन स्पीकरवर होता. शब्द मला कळले नाहीत, पण आवाज फार मऊ होता. त्याने अर्थ सांगितला तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, बरं झालं बाई, काळजी घेतात. मी ते बोलले नाही. आता कुणाची काळजी कशी असते हे मला ओळखता येत नाही, हे मला कळलं होतं.

तो घरून शिकवायला लागला. बेसमेंटचं दार लावून बसायचा. गावी वर्षातून एक दिवस दारं लावून घ्यायची, इथे ते महिनोन्महिने चाललं.

कमिटी बसायच्या आधी त्याला सुचवण्यात आलं की या लढाईबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते चार ओळींत लिहून दिलंत तर बरं, वातावरण निवळेल. त्या रात्री नवरा-बायकोचं वाजलं.

"लिहून दे ना," सून म्हणाली. "तसंही तुला वाईटच वाटतंय, मला माहिती आहे. चार ओळी आहेत, बाप्पा."

"बाकी कुणाला विचारलं? डिपार्टमेंटमध्ये रशियन आहे, चायनीज आहे, अमेरिकन तर किती आहेत. कुणाला विचारलं, तुझ्या लोकांबद्दल लिहून दे म्हणून?"

"नाही विचारलं. पण नोकरी तुझी आहे."

"माझं मत ज्याला पाहिजे त्याने घरी यावं, चहा पिता पिता सांगतो. नोकरीच्या बदल्यात नाही देणार."

"आई, तुम्ही काहून बोलत नाही?" सून माझ्याकडे वळली. "तुमचं ऐकेल तो."

मी काय बोलणार होते? लिहून दे म्हणाले असते, तर तो पुन्हा वाकला असता, या वेळी माझ्या सांगण्यावरून. नको लिहू म्हणाले असते, तर त्याच्या पोटावर पाय. मी कपबश्या उचलल्या आणि सिंककडे गेले. त्याने लिहून दिलं नाही.

त्याच सुमारास एक चांगली गोष्ट घडली. सास्काटूनला त्याच्या विषयाची मोठी परिषद होती आणि तिथलं मुख्य भाषण त्याला दिलं. त्याने सांगितलं, कमिटी अशा गोष्टीला वजन देते, हे झालं तर बाकीचं गप्प बसेल. परिषद उन्हाळ्यात होती, कमिटी त्यानंतर. तिकिटं, हॉटेल, परिषदेची फी, सगळं आधी आपण भरायचं, नंतर ते देतात. त्याने माझंही तिकीट काढलं.

"मी काय करू तिथे? मला एक अक्षर कळायचं नाही."

"पहिलं चित्र कळेल," तो म्हणाला.

आणि बेसमेंटमध्ये भिंतीवर त्याने ते लावून दाखवलं. लाकडी घाणा, बैल, बाजूला एक मुलगी. आमच्या गावचा नाही, कुठूनतरी मिळवलेला फोटो. पण घाणा तसाच होता. "मी म्हणणार, माझे आजोबा तेल काढायचे. शनिवार सोडून. मग हात करून तुला दाखवणार."

"मेल्या, मला दाखवू नकोस हं. मी टेबलाखाली जाईन."

"जा. मी सांगीन, ती टेबलाखाली आहे, ती माझी आई."

मग रोज संध्याकाळी तो भाषणाची तयारी करायचा आणि मी समोर खुर्चीवर बसायची. तो भिंतीकडे बघून बोलायचा, मध्येच माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायची. कुठे मान हलवायची ते मला पाठ झालं होतं. मुख्य निकालाचं चित्र आलं की तो थांबायचा, म्हणजे तिथे. मी यांनी घेतलेली मोरपंखी साडी बाहेर काढली, तिला फॉल लावला. इतक्या लोकांत बसायची भीती वाटायची, तरी जायचंच होतं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात पत्र आलं, कंप्युटरवर. काही लोकांनी धमकी दिली आहे की हा बोलला तर सभा चालू देणार नाही. सर्वांच्या सुरक्षेसाठी हे भाषण रद्द करत आहोत. अतिशय खेद वाटतो. झालेला खर्च आम्ही भरून देऊ. सुनेने दोनदा वाचून मला मराठीत सांगितलं. तिच्या आवाजातला फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे.

मुलगा म्हणाला, "इट्स ओके." तो खाली गेला. थोड्या वेळाने मीही गेले आणि माझ्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, म्हणेल भाषण, निदान मला. त्याने मशीन लावलं, घाण्याचं चित्र भिंतीवर आलं. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने ते बंद केलं. मीही मान हलवायला विसरले.

कमिटीचा निकाल नाताळच्या सुट्टीनंतर आला. काम चांगलं आहे, असं लिहिलं होतं. पण विद्यार्थी सोडून गेले, वर्गात प्रत्यक्ष शिकवणं कमी झालं, बाहेरच्या मोठ्या परिषदांमध्ये हवी तेवढी उपस्थिती नाही. म्हणून नाही. शेजारच्या खोलीतले ते प्रोफेसर कमिटीत होते. त्यांनी काय मत दिलं ते कळलं नाही, मतं गुप्त असतात.

सून भांडली. अपील करू, वकील बघू, पेपरात देऊ. मुलगा म्हणाला, "वर्गात शिकवू नका त्यांनीच सांगितलं. भाषण दुसऱ्यांनी रद्द केलं. कुणीच काही वाईट केलेलं नाही. सगळे पोलाइट होते. अपील कशावर करायचं?" तरी अपील त्याने केलं, तिच्या समाधानासाठी. ते फेटाळलं गेलं.

आता तो दुसरीकडे अर्ज करतोय. विंडसरजवळ एक कंपनी तेलाची तपासणी करते, तिथे एक जागा आहे. संशोधनाची नाही, आलेलं तेल चांगलं की खवट एवढंच सांगायचं. मी म्हटलं, "ते मलाही येतं." तो हसला, आणि मला उगाचच बोलल्यासारखं झालं.

पोह्यांचं पाकीट कपाटात आहे. नवस पुरा झाला नाही तर मलिदा करायचा की नाही हे सांगणारं इथे कुणी नाही. मी पाकीट उचलते, पुसते, ठेवते.

यंदा दारफाळणीच्या सणाला आम्ही तिघं घरीच होतो, दारं लावून. सुनेनेही उपास केला. दुसऱ्या दिवशी शिळा सण. सकाळी मी हलव्याला नारळाचं दूध काढत होते. कुणाला पाठवायचा हे ठरवलं नव्हतं, हात आपोआप लागले. मुलगा टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. म्हणाला, "आई, सास्काटूनचे पैसे आले."

"किती?"

"सगळे. हॉटेल, फी, माझं तिकीट. तुझं तिकीटपण."

सून चहा ओतत होती. तिने विचारलं, "सोबत काही लिहिलंय?"

त्याने स्क्रीन वर-खाली करून बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "नुसतेच टाकलेत."